ढगाखालचा मेस्त्री

आमच्या आजऱ्यात ढगाची कुणी थट्टा करत नाही. जूनमध्ये आंबोलीच्या बाजूने ते एकदा चढून आले की चार महिने मुक्काम ठोकतात. घनसाळ भात त्यांच्या भरवशावर, हिरण्यकेशीचं पाणी त्यांच्या भरवशावर आणि वीज नि फोन यांचं येणं-जाणंही त्यांच्याच मर्जीवर. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या सभेत अध्यक्षांनी अभिमानाने सांगितलं, 'आपला सगळा हिशेब आता क्लाउडवर, म्हणजे ढगात ठेवलाय.' मागच्या ओळीतल्या एका सभासदाने विचारलं, 'आणि पाऊस पडला म्हंजे?' सभा हसली, अध्यक्षही हसले. उत्तर मात्र कुणी दिलं नाही.

प्रश्न विनोदी होता, पण खुळा नव्हता. क्लाउड आकाशात नसतो. तो नवी मुंबईत असतो, पुण्यात असतो, चेन्नईत असतो. मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक रचून ठेवलेले, त्यांना अखंड वीज, अखंड थंड हवा आणि बाहेर पहारा. आपण तिथली जागा आणि ताकद भाड्याने घ्यायची आणि जितकी वापरली तितकं बिल भरायचं. आपल्या संस्थेत मग फक्त पडदा, कळफलक आणि एक तार उरते.

या सगळ्यात मला कुतूहल आहे ते एका माणसाचं. कालपर्यंत संस्थेच्या कोपऱ्यातला सर्व्हर जपणारा, वर्षाचा करार करणारा, ज्याला सगळे 'एएमसीवाला' म्हणतात तो. यंत्रच दुकानातून उठून नवी मुंबईला गेलं, तर त्याने काय करायचं? मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला नाही. पण आमचं घर एका मेस्त्रीच्या कमाईवर चाललं आणि यंत्राची जागा हलली की मेस्त्रीच्या घरात काय होतं, हे मी पाहिलेलं आहे. शिवाय या गोष्टीला इतिहास आहे आणि तो बराचसा आपल्या महाराष्ट्रातच घडलेला आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालत. प्रत्येक गिरणीचा स्वतःचा बॉयलर, स्वतःचं वाफेचं इंजिन, स्वतःची चिमणी. आपली ताकद आपल्याच आवारात तयार करायची, हाच तेव्हाचा शहाणपणा. १९१० साली टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली, लोणावळ्याच्या परिसरात घाटमाथ्यावर धरणं बांधली गेली आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईकडे वीज निघाली. ताकद तयार करणारं यंत्र गिरणीच्या आवारातून उठून बोरघाटाच्या पायथ्याशी गेलं. गिरणीत आली ती फक्त तार. आज क्लाउडबद्दल जे बोललं जातं, ते जवळपास शब्दशः तेव्हाच्या विजेला लागू पडतं.

म्हणून बॉयलर काही एका रात्रीत विझले नाहीत. सुताला खळ लावायला, रंगाईला, वाळवणीला वाफ लागायचीच. पण इंजिनाच्या चाकापाशी उभ्या असलेल्या माणसाचा मान कमी झाला आणि नवा माणूस आला, वायरमन. त्याला कोळशाची प्रत ओळखावी लागत नव्हती. कुठे तार तापते, कुठली मोटर जास्त ओढते, एका बाजूची वीज गेली तर दुसरीकडून कशी घ्यायची, हे त्याला कळावं लागे. वीज बनवणारा तो नव्हता, तरी गिरणी चालू राहायची ती त्याच्या जिवावर.

जाता जाता एक सांगतो. ही वीज स्वच्छ होती, स्वस्त होती, पण फुकट नव्हती. पुढच्या धरणासाठी मुळशी पेट्यातली गावं पाण्याखाली जाणार म्हटल्यावर १९२१ साली तिथे सत्याग्रह उभा राहिला आणि सेनापती बापटांचं नाव त्या लढ्याशी कायमचं जोडलं गेलं. आजच्या संगणकांच्या इमारतींनाही वीज आणि पाणी कुठून तरी लागतंच. ढग म्हटल्याने त्यांना जमीन सुटत नाही.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. कोल्हापूरचा यंत्रोद्योग उभा राहिला तो दुरुस्तीतून. नदीकाठच्या शेतीला पाणी उपसायला आणि गुऱ्हाळाचा चरक फिरवायला ऑइल इंजिनं आली. ती बिघडायची. सुटे भाग बाहेरून यायला वेळ लागायचा, कधी मिळायचेच नाहीत. मग इथल्या मेस्त्रींनी तुटलेला भाग समोर ठेवून साचा केला, लोखंड ओतलं, कानस मारली आणि इंजिन चालू करून दिलं. सुटे भाग करता करता काहींनी अख्खी इंजिनं बनवली. शिवाजी उद्यमनगरातल्या भट्ट्यांची सुरुवात ही अशी. पुढे खेडोपाडी वीज पोचली, मोटरपंप आले आणि इंजिनाची मागणी उतरली. तेव्हा ज्यांनी 'आम्ही इंजिनवाले' एवढीच ओळख धरून ठेवली, त्यांची शटरं खाली आली. 'आम्ही लोखंड ओतणारे' असं ज्यांनी स्वतःला ओळखलं, ते मोटारींचे आणि ट्रॅक्टरचे भाग ओतू लागले. आज कोल्हापूरच्या फौंड्री उद्योगाचं नाव आहे ते त्यांच्यामुळे.

माझे अब्बा यांतल्या कुठल्याच मोठ्या नावांत नव्हते. सायकलच्या कॅरिअरला पान्यांची पिशवी बांधून हिरण्यकेशीच्या काठाने फिरणारे ते साधे इंजिन मेस्त्री. माणूस हाक मारत यायचा, 'मेस्त्री, इंजान गुदमरतंय, ऊस वाळाय लागलाय.' अब्बा लांबूनच आवाज ऐकून सांगायचे, नोझल की पिस्टन. गावागावांत विजेच्या मोटरी बसू लागल्या तशी आमच्याकडची बोलावणी कमी होत गेली. एक पावसाळा तर अगदी रिकामा गेला. त्या पावसाळ्यात अब्बा गडहिंग्लजला एका ओळखीच्या दुकानात जाऊन बसत आणि जळालेल्या मोटरीच्या तारा काढून नव्या गुंडाळायला शिकत. हाताला तेल लागायचं, त्याऐवजी वार्निशचा वास यायला लागला. अम्मीला तो वास आवडायचा नाही.

पण खरं शिक्षण तारा गुंडाळण्यात नव्हतंच. वीज मंडळाची होती, मोटर कारखान्याची होती, पंप तिसऱ्याचाच. पाणी मात्र येत नाही म्हटल्यावर शेतकरी यांतल्या कुणाकडे जाणार? तो अब्बांकडेच यायचा. अब्बांनी मग हळूहळू वेगळं काम सुरू केलं. दाब कमी-जास्त झाला तर मोटर आपोआप बंद पडेल असा स्टार्टर बसवून द्यायचा, फ्यूजच्या जागी जाड तार घातली असेल तर रागावून काढायला लावायची, कुणाच्या शेतावर किती केबल आहे ते वहीत लिहून ठेवायचं. इंजिनाच्या दिवसांत त्यांना बिघाडाचे पैसे मिळायचे. मोटरीच्या दिवसांत बिघाड होऊ नये म्हणून वर्षाला ठरलेले पैसे देणारे पंधरा-वीस बागायतदार त्यांनी जोडले. हा मला आजच्या गोष्टीचा गाभाच वाटतो.

संगणकाचा प्रवास मात्र जरा उलटा आहे, आणि तो लक्षात घेतला नाही तर क्लाउड फारच नवा वाटतो. आपल्याकडचे सुरुवातीचे मोठे संगणक हे मुळात दूरचे आणि सामाईकच होते. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० नावाचा मोठा संगणक सुरू झाला. देशभरातल्या संस्था आपली गणितं कार्डांवर आणि फितींवर घालून तिथे आणत, आपली पाळी येईपर्यंत थांबत आणि उत्तरं घेऊन परत जात. यंत्र एक, वापरणारे अनेक. १९६८ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली तीही समूहातल्या इतर कंपन्यांचं आकडेमोडीचं काम करून देत. तिची घडी बसवणारे फकीरचंद कोहली टाटांच्या वीज कंपनीतून आलेले होते, हा योगायोग मला फार आवडतो.

त्या काळात भारतातले पुष्कळ संगणक आयबीएमचे असत, आणि तेही भाड्याचे. यंत्र तिचं, दुरुस्ती तिची, माणूस तिचा. परकीय चलन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांनी आपला हिस्सा कमी करावा, असा सरकारचा आग्रह होता. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा उद्योगमंत्री होते. आयबीएमने ते मानलं नाही आणि १९७८ साली ती देश सोडून गेली. शेकडो यंत्रं मागे राहिली. ती सांभाळायची कुणी? त्यासाठी सरकारने आधीच एक कंपनी काढून ठेवलेली होती, कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी. नावातच देखभाल. दुसऱ्याने बनवलेली, कागदपत्रं अपुरी असलेली यंत्रं चालू ठेवणं हाच तिचा धंदा.

या सीएमसीचं पुढे काय झालं, ते आजच्या प्रत्येक एएमसीवाल्याने वाचावं असं आहे. जुनी यंत्रं कधीतरी संपणारच होती, आणि सीएमसी त्यांच्याबरोबर संपली असती. पण अनेक कंपन्यांची यंत्रं उघडून पाहिल्यामुळे तिच्या माणसांना एक गोष्ट येत होती, जी यंत्र विकणाऱ्यांना येत नव्हती: वेगवेगळ्या घरची यंत्रं एकमेकांशी बोलती करणं. त्या बळावर रेल्वेच्या संगणकीय आरक्षणाचं काम तिने केलं. ते १९८० च्या दशकाच्या मध्यावर दिल्लीत सुरू झालं आणि मग देशभर पसरलं. पहाटे उठून तिकिटाच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही त्याचं महत्त्व सांगायला नको. २००१ साली सीएमसी टाटांकडे गेली आणि २०१५ साली टीसीएसमध्ये विलीन झाली.

मधल्या काळात संगणक स्वस्त झाला, लहान झाला आणि टेबलावर आला. बँकांच्या यांत्रिकीकरणावरचा रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा. त्यानंतर शाखाशाखांतून खतावणीची यंत्रं आली, कर्मचारी संघटनांचे वाद आणि करार झाले आणि नव्वदीच्या दशकात शाखेतच छोटा सर्व्हर बसू लागला. सहकारी बँका, पतसंस्था, दूध संस्था, सगळीकडे हीच तऱ्हा. प्रत्येकाचं यंत्र आपापल्या खोलीत, बहुधा संडासाला लागून असलेल्या सगळ्यांत कोंदट खोलीत. जणू प्रत्येक गिरणीचा बॉयलर परत आला.

एएमसीवाल्याचा सुवर्णकाळ हाच. कोल्हापुरात, इचलकरंजीत, गडहिंग्लजमध्ये शेकडो मुलं या धंद्यात पडली. डिप्लोमा झालेली, काही नुसतीच हुशार. यंत्र विकायचं, जोडायचं, वर्षाचा करार करायचा, व्हायरस आला की फॉरमॅट मारायचा, प्रिंटरची पट्टी बदलायची. ३१ मार्चच्या रात्री बँकेत जागायचं. माणूस गरजेचा होता आणि आपण गरजेचे आहोत हे त्याला ठाऊक होतं.

मग पाणी आलं. २००५ चा पूर आणि नंतर २०१९ चा. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची खूण ४३ फुटांवर. महामार्ग कित्येक दिवस बंद. तळमजल्यावरची दुकानं, कार्यालयं आणि त्यांतले संगणक चिखलात गेले. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. आपल्या खोलीतलं यंत्र आपलं म्हणून सुरक्षित, हा समज त्या पाण्याने बऱ्याच जणांचा धुऊन नेला. ढगाला पाऊस लागतो की नाही हे पुढे बघू, पण ढगाखालच्या खोलीला तो नक्की लागतो.

तोवर बाहेर जग बदललेलं होतं. अ‍ॅमेझॉनने २००६ साली आपली साठवण आणि संगणकशक्ती भाड्याने द्यायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टची भारतातली केंद्रं २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नईत उघडली, अ‍ॅमेझॉनचं मुंबईत २०१६ साली, गुगलचं २०१७ साली. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली पैशांच्या देवघेवीचा डेटा देशातच ठेवायचा नियम केला. त्याआधी, २०१२-१३ च्या सुमारास, नाबार्डच्या पुढाकाराने राज्य आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका कोअर बँकिंगवर येऊ लागल्या होत्या. या योजनेत आपापली यंत्रं घेत बसण्यापेक्षा मोठ्या कंपनीच्या केंद्रातून सेवा भाड्याने घ्यायची होती. २०२२ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या गावच्या सेवा सोसायट्यांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिथेही सगळ्यांना एकच सामाईक प्रणाली, क्लाउडवरची. रोजकीर्द आणि खतावणी वहीतून निघाल्या त्या कोपऱ्यातल्या सर्व्हरवर न थांबता थेट दूरच्या केंद्रात गेल्या.

एएमसीवाल्याचा सर्व्हर गेला, त्यावरची विक्रीतली कमाई गेली. वर्षाच्या कराराचे पैसे अर्ध्यावर आले. 'आता काय राहिलंय तुझ्याकडं बघायला?' असं संचालक तोंडावर म्हणू लागले.

हे दुखणं फक्त लहानांचं नव्हतं. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात १९९८ साली रॅकस्पेस नावाची कंपनी निघाली. दुसऱ्यांसाठी सर्व्हर ठेवायचे आणि मध्यरात्री फोन केला तरी माणूस बोलेल अशी सेवा द्यायची, ही तिची ख्याती. अ‍ॅमेझॉन आल्यावर तिने स्वतःचा ढग उभारून टक्कर द्यायचं ठरवलं. त्या लढाईत ती टिकली नाही. मग २०१५ साली तिने वळण घेतलं. ज्यांच्याशी लढत होती त्या मायक्रोसॉफ्टच्या आणि अ‍ॅमेझॉनच्या ढगावर गिऱ्हाइकाचं काम हलवून देणं, ते सांभाळणं, बिल आवाक्यात ठेवणं, हाच तिने धंदा केला. माझ्या मते हा शहाणपणाचा निर्णय होता. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. ईमेलची एक जुनी सेवा तिने स्वतःच्या यंत्रांवर तशीच चालू ठेवली होती. २०२२ च्या डिसेंबरात तिच्यावर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला आणि ती सेवा पुन्हा सुरू झालीच नाही. नव्याकडे वळलेल्या माणसाला जुनं पायात अडकून पाडू शकतं.

आता जरा घरच्या जखमांकडे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर दरोडा पडला. ११ आणि १३ ऑगस्ट या दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले, आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनही. सहकारी बँकेवरचा विश्वास म्हणजे काय, ते ज्याच्या आईने भिशीचे पैसे बँकेत टाकलेत त्याला विचारावं.

आणि मग ३१ जुलै २०२४. देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांची पैसे पाठवण्याची वाट अचानक बंद झाली. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँका बहुसंख्य होत्या. त्या बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या सी-एज या कंपनीवर हल्ला झाल्यामुळे राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने खबरदारी म्हणून तिची जोडणी तोडली होती. दुसऱ्या दिवशी ती पूर्ववत झाली. नंतर सायबर सुरक्षेच्या अभ्यासकांनी जो माग काढला, त्यानुसार घुसखोर आत आला तो मूळ कंपनीच्या दारातून नव्हे, तिच्या एका सहयोगी पुरवठादाराच्या नीट न मांडलेल्या सर्व्हरमधून. गावातल्या बँकेने काम कंपनीला दिलं, कंपनीने त्यातलं काही आणखी कुणाला दिलं आणि त्या तिसऱ्याची कडी उघडी राहिली. एकूण देवघेवीच्या मानाने हा आकडा फार मोठा नव्हता, असं वर्तमानपत्रांत आलं. खरंच असेल. पण ज्याचं खातं त्याच एका बँकेत आहे त्याच्या दृष्टीने शंभर टक्के व्यवहार बंद असतो.

मी त्या आठवड्यात एका बँकेत उभा होतो. बँकेचं नाव सांगण्यात अर्थ नाही. खिडकीपलीकडची मुलगी एवढंच म्हणत होती, 'वरूनच बंद आहे काका.' वर म्हणजे कुठे, कुणी बंद केलं, कधी सुरू होईल, यातलं तिला काही सांगितलेलंच नव्हतं. माझ्या पुढच्या बाईंना मुलाच्या वसतिगृहाचे पैसे पाठवायचे होते. त्या बिचाऱ्या छताकडे बघत राहिल्या.

मला वाटतं, एएमसीवाल्याची नवी जागा नेमकी इथे आहे. 'वर' आणि 'खाली' यांच्यामध्ये उभं राहून दोन्हीकडची भाषा बोलणारा माणूस. रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या एप्रिलमध्ये माहिती तंत्रज्ञानाचं काम बाहेर देण्याबाबत सविस्तर निर्देश काढले, त्यांत क्लाउडचं वेगळं परिशिष्ट आहे. सार एवढंच, की काम बाहेर दिलं म्हणून बँकेची जबाबदारी बाहेर जात नाही. करारात काय असावं, तपासणी कशी व्हावी, सेवा सोडायची झाली तर डेटा कसा परत मिळावा, हे सगळं आधी ठरवायला सांगितलंय. आमच्याकडच्या किती संस्थांचे संचालक असे करार वाचत असतील? आणि वाचायचा म्हटला तर समजावून कोण सांगणार? नवी मुंबईचा माणूस त्यासाठी आजऱ्याला येणार नाही.

गडहिंग्लजचा एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे. मुलगा म्हणजे चाळिशी ओलांडलेला. पूर्वी सर्व्हर विकायचा, आता विकत नाही. मला चाचा म्हणतो. मी त्याला विचारलं, 'तू आता नक्की करतोस काय रे?' तो म्हणाला, 'चाचा, पूर्वी डबा सांभाळत होतो, आता वाट सांभाळतो.' त्याच्या कामाची यादी मी नीट ऐकून घेतली. प्रत्येक संस्थेला इंटरनेटच्या दोन वेगळ्या लाइन. त्यांतली एक तारेची, दुसरी मोबाइलची. कारण संकेश्वर-बांदा रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा जेसीबीने केबल तुटणं हे नित्याचंच झालं होतं. कर्मचारी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचा पासवर्ड बंद. एकाच पासवर्डवर तिघांनी काम करायचं नाही, आणि हे तर त्याला महिन्यातून एकदा ओरडून सांगावं लागतं. दूध संस्थेतल्या फॅट मशीनचे आकडे वर पोचले की नाहीत, ते रोज बघायचं. क्लाउडचं बिल महिन्याला तपासायचं. नको असलेलं यंत्र चालू राहिलं तर मीटर पळतच असतो, गोठ्यातला दिवा रात्रभर जळावा तसा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डेटाची एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे.

हे शेवटचं अनेकांना उधळपट्टी वाटतं. म्हणून त्याने मला ऑस्ट्रेलियातली एक गोष्ट सांगितली. तिथल्या युनिसुपर या पेन्शन फंडाची गुगलच्या ढगातली मांडणी २०२४ च्या मे महिन्यात चुकून पुसली गेली. चूक गुगलच्या बाजूची, आणि ती गुगलने मान्यही केली. पाच लाखांहून जास्त सभासदांना कित्येक दिवस आपलं खातं दिसेना. तो फंड सावरला, त्यात दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या प्रतींचा मोठा हात होता.

सगळेच एएमसीवाले असे वळले नाहीत. काहींनी मोबाइलची दुकानं टाकली, काही पुण्याला गेले, एक जण काजूच्या धंद्यात आहे आणि मजेत आहे. वळायला पैसे कमी लागतात, पण शिकावं लागतं, आणि चाळिशीत पुन्हा परीक्षा देणं सोपं नाही. या मुलाने क्लाउड कंपन्यांच्या दोन परीक्षा घरी बसून दिल्या, त्याही लेकीच्या बारावीच्या वर्षात. घरात दोघं अभ्यासाला आणि टेबल एकच. त्याच्या फीचं स्वरूपही बदललं. बिघाडामागे पैसे घेत नाही, दरमहा ठरलेली रक्कम घेतो. बिघाड कमी झाले तर त्याचाच वेळ वाचतो. संचालकांना हे पटायला दोन वर्षं लागली. काही न करता महिन्याला पैसे कसले, हा त्यांचा सवाल असे.

यंदा त्याने तालुक्यातल्या तीन सेवा सोसायट्यांशी स्वतंत्र करार केले. सरकारी प्रणालीची देखभाल नेमलेल्या कंपनीकडेच आहे. याच्याकडे आहे ती खालची बाजू: लाइन, प्रिंटर, पासवर्ड, सचिवांचं शिक्षण. करारात त्याने एक अट स्वतःहून घातली आहे. दर तीन महिन्यांनी एक सकाळ मुद्दाम लाइन काढून ठेवायची आणि त्या वेळात संस्था कागदावर चालवून दाखवायची.

पहिल्या सरावाला मी हौसेने गेलो होतो. बाहेर मुसळधार होती. निवृत्तीला आलेल्या सचिवांनी कपाटातून जुनी रोजकीर्द काढली, वाळवीने कडा खाल्लेली. कोरं पान काढून तारीख घातली आणि एकोणीस सभासदांचा भरणा शाईने लिहिला. त्यांच्या हाताखालचा तरुण कारकून शेजारी उभा राहून बघत होता. जमा कुठल्या बाजूला लिहायची, हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं. दुपारी लाइन जोडल्यावर सगळ्या नोंदी वर चढवल्या, तेव्हा बेरजेत ९० रुपयांचा फरक आला. तो सापडेपर्यंत तिघांनीही चहा घेतला नाही.